वाटी, तळवा आणि मज्जातंतू : प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये जोडीने एक प्रकल्प करायचा आहे. आमच्या वाट्याला पेठेतलं एक विरंगुळा केंद्र आलं. विषय आम्हीच ठरवायचा. पार्टनरचं म्हणणं, गुडघेदुखी घेऊ. पण गुडघेदुखीचे तिथे आधीच सहा तक्ते लागलेत, त्यातले दोन आमच्याच सीनियर्सचे. मी म्हटलं, मालिश. आजी रोज रात्री तळपायाला काशाची वाटी घासते आणि ‘उष्णता उतरते’ म्हणते. केंद्रातल्या निम्म्या बायका तेच करत असणार. त्या घासण्याने मज्जासंस्थेत काय होतं ते शोधायचं आणि त्यांना समजेल असं दाखवायचं.

पार्टनर तयार झाली, पण तोंड वाकडं करूनच. तिच्या मते वाटी म्हणजे आजीबाईंचा बटवा.

९ ऑक्टोबर

मॅडमकडे गेलो. माझ्या डोक्यात तीस जणांची नाडी, रक्तदाब, आधी आणि नंतर, असं सगळं होतं. मॅडमनी दोन मिनिटांत ते कापलं. माणसांवर मोजमाप म्हणजे नैतिकता समिती, संमतिपत्रं, चार महिने. आपल्याकडे आहेत दोन. तेव्हा अभ्यास नको, प्रात्यक्षिक करा. टेबलं मांडा, लोकांना स्वतःच्या अंगावर करून बघू दे. आणि तक्त्यावर एकही आकडा असा नको, की जो कुठून आला विचारल्यावर तुम्ही एकमेकींकडे बघाल.

१३ ऑक्टोबर

आजीची वाटी घराबाहेर जाणार नाही असं आजीने सांगितलं, म्हणून तुळशीबागेत दुसरी आणली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत जाणं हाच एक वेगळा प्रकल्प आहे. दुकानदाराने दोन वाट्या पुढे ठेवल्या आणि नखाने टिचकी मारली. पितळेची ‘टण्’ करून गप्प झाली. काशाची बराच वेळ घुमत राहिली. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. एवढं कथील घातलं की धातू कडक होतो, खणखणतो आणि आपटला तर तडकतो. पितळेत कथिलाच्या जागी जस्त.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

दूध आटेपर्यंत आजीला पलंगावर आडवं केलं, मनगटाला नाडीचं यंत्र लावलं आणि दोन्ही तळव्यांना दहा दहा मिनिटं वाटी घासली. साजूक तूप, चमचाभर. सुरुवातीला नाडी ८४, शेवटी ७२. आजी घोरायला लागली होती. तळवे काळेकुट्ट. “बघ, केवढी उष्णता निघाली,” असं झोपेतच म्हणाली.

पार्टनरला फोटो पाठवला. तिचाही सूर बदलला. ८४ वरून ७२! आम्ही दोघी खूश.

१९ ऑक्टोबर

खुशी तीन दिवस टिकली. आज मॅडमनी एकच विचारलं, “वाटी न घासता नुसती वीस मिनिटं झोपवली असतीस तर?”

रात्री तेच केलं. तोच पलंग, तीच वेळ, पंखा तेवढाच, वाटी नाही. ८३ वरून ७४. म्हणजे आमच्या आनंदातला बहुतेक वाटा पलंगाचा होता. एका आजीवरून काही सिद्ध होत नाही ते कळतंय, पण आपण कुठे फसलो ते कळायला एक आजी पुरते.

(इथे एक लिहून ठेवते. हृदयाची स्वतःची मूळ चाल मिनिटाला शंभराच्या आसपास असते. मेंदूकडून निघालेली व्हेगस ही लांबलचक नस तिला सतत लगाम घालून ठेवते. आडवं झालं, श्वास संथ झाला की लगाम आणखी आवळला जातो. मालिश घेताना माणूस आडवा असतो, डोळे मिटलेले असतात, श्वास खोल झालेला असतो, आणि कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढून बसलेलं असतं. यातलं हाताचं किती आणि बाकीच्याचं किती, हे वेगळं काढल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.)

२३ ऑक्टोबर

आज वाचता वाचता प्रकल्पाची निम्मी इमारत कोसळली.

मालिश का बरी वाटते याचं सध्याचं सगळ्यात देखणं उत्तर म्हणजे एका जातीचे अतिशय बारीक, आवरण नसलेले, सावकाश मज्जातंतू. मांजरात ते १९३९ साली सापडले होते. माणसात सापडायला अर्धं शतक लागलं. त्याआधी स्वीडनमध्ये उप्सालाला वाल्बो आणि हॅगबार्थ या दोघांनी १९६० च्या दशकात केसासारखी टंगस्टनची सुई जिवंत माणसाच्या नसेत घालून एकेका तंतूचा संदेश ऐकायची रीत काढली. सुया पहिल्यांदा स्वतःच्याच नसांत घातल्या. पुढे त्याच रीतीने दिसलं की हे बारीक तंतू टोचण्याला, दाबण्याला फारशी दाद देत नाहीत. हळुवार हात फिरवला की जागे होतात. तोही ठरावीक वेगाने, सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर. त्याहून भरभर फिरवला तर थंड पडतात, अगदी रेंगाळत फिरवला तरी थंड. २००९ मध्ये हेही दिसलं, की ज्या वेगाला हे तंतू सगळ्यात जास्त बोलतात त्याच वेगाला माणसं ‘छान वाटतंय’ म्हणतात. हात त्वचेइतका कोमट, म्हणजे ३२ अंशांच्या आसपास असला तर प्रतिसाद सगळ्यात चांगला.

हे सगळं मी हरखून वाचत होते. मग एक ओळ आली: हे तंतू केसाळ त्वचेत असतात. तळहात आणि तळपाय यांच्या बिनकेसांच्या त्वचेत जवळजवळ नसतातच.

आणि आमची वाटी तळपायाला.

२४ ऑक्टोबर

मग तळव्यात आहे तरी काय? हे कॅनडात २००२ मध्ये त्याच सुईच्या रीतीने मोजलं गेलंय. तळपायातले १०४ स्पर्शग्राही तपासले, त्यांतले सुमारे सत्तर टक्के झटपट सरावणारे निघाले. म्हणजे बदल झाला की ओरडतात, तोच दाब राहिला की गप्प. चप्पल घातल्यावर मिनिटभराने ती जाणवत नाही ती यामुळे. वाटी एका जागी दाबून धरली तर ही मंडळी झोपी जातील. गोल फिरत राहिली तर दर फेरीला पुन्हा जागी. आजी वाटी कधीच दाबून धरत नाही. हे तिला कुणी शिकवलं असेल?

या स्पर्शग्राहींच्या जाड तारा सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने संदेश नेतात. दुखण्याची मुरलेली कळ नेणाऱ्या बारीक तारा मात्र सेकंदाला मीटरभर. ठेच लागते तेव्हा आधी ‘लागलं’ हे कळतं, आणि मग एक क्षण जाऊन ती खरी कळ वर येते. तो क्षण म्हणजे पायापासून मज्जारज्जूपर्यंतचा मीटरभर रस्ता.

२५ ऑक्टोबर

केंद्रात पहिली भेट. बावीस माणसं, त्यात सतरा बायका. ‘वाटी कोण घासतं?’ म्हटल्यावर बारा हात वर. एक काका म्हणाले, त्यांचे पाय बधिर असतात, सून रोज वाटी घासून देते, चालेल ना? मी म्हटलं, करा बिनधास्त, नुकसान काही नाही.

तिथे लोक काय शब्द वापरतात ते लिहून आणलं. नस दबली. शिरेवर शीर चढली. लचक भरली. उसण भरली. पोटरीत गोळा आला. यात ‘नस’ म्हणजे कधी मज्जातंतू, कधी रक्तवाहिनी, कधी स्नायूची दोरी. आम्ही चार वर्षं ज्या तीन गोष्टी वेगळ्या करायला शिकलो त्या मराठीत एकाच शब्दात गुण्यागोविंदाने राहतात. प्रात्यक्षिकात कुठली नस ते दर वेळी बोट ठेवून दाखवावं लागणार.

३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे साडेचारला आजीने उठवून पाटावर बसवलं. कोमट तेल, टाळू, कान, पाठ, मग उटणं. वर्षातून एकदा का होईना, सगळा महाराष्ट्र एकाच पहाटे मालिश घेतो. डोळे मिटून आजीच्या हाताचा वेग मोजायचा प्रयत्न केला. पाठीवर सावकाश, डोक्यावर भसाभसा. वाग्भटाने अभ्यंग सांगताना डोकं, कान आणि पाय यांवर विशेष लक्ष द्यायला सांगितलंय. आजीने वाग्भट वाचलेला नाही, यादी मात्र तीच.

प्रकल्प आता नुसता वाटीचा ठेवायचा नाही, हे कोरड्या टॉवेलने डोकं पुसताना ठरलं. वाटी राहील, पण हातही हवा. हात कुणाचा, तेही ठरलं.

८ नोव्हेंबर

मालिशवाल्या मावशी. आमच्या चाळीत माझ्यासकट चौदा बाळांना न्हाऊमाखू घातलेलं आहे यांनी. आता साठीच्या पुढच्या, पण अजून सकाळी तीन घरं करतात. त्यांना विषय सांगितला तर हसल्या. “माझ्या हाताचा अभ्यास? त्यात काय हाय पोरी अभ्यासाचं?”

माझ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने खुणा केल्या, २४ सेंटिमीटर. पार्टनर फोनवर वेळ धरून बसली. मावशींना सांगितलं, रोजच्यासारखं करा. पहिला हात सहा सेकंद. दुसरा साडेपाच. तिसरा सहा. म्हणजे सेकंदाला चार सेंटिमीटर, आणि तेही फार मागेपुढे न होता. मग मी त्यांच्या हातावर केलं: दीड सेकंद.

“घाई केलीस की तेल नुसतं पसरतं, मुरत न्हाई,” मावशी म्हणाल्या. मी विचारलं, वेग कसा धरता? त्यांना प्रश्नच कळला नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, “बाळ श्वास सोडतं ना, तवा हात सोडायचा. बाळंतिणीचं बी तसंच.”

हे मी दोनदा लिहून काढलं. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते. व्हेगसचा लगाम सोडण्याच्या वेळी पक्का असतो. मावशींचा हात नेमका तेव्हा उतरतो. यातून काही जास्तीचं घडतं की नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण हात श्वासाच्या तालावर चालला की समोरच्याचा श्वासही हाताच्या तालावर यायला लागतो, हे मला त्या पाटावर बसून जाणवलं.

मावशींनी उलट विचारलं, “बाळं अंग धरत्यात त्ये कशानं? तेल आत जातं म्हनून?” याचं उत्तर देता आलं म्हणून बरं वाटलं. टिफनी फील्ड या अमेरिकी संशोधिकेने १९८६ मध्ये चाळीस अपुऱ्या दिवसांची बाळं घेतली. निम्म्यांना दिवसातून तीनदा, पंधरा पंधरा मिनिटं, दहा दिवस अंग चोळून, हातपाय हलवून दिले. दूध दोन्हीकडे सारखंच. चोळलेल्या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं. तेल तिथे मुद्दा नव्हताच. पुढे त्याच गटाने दाखवलं की मध्यम दाबाने चोळलं की व्हेगसचं काम वाढतं आणि पोटाची हालचाल वाढते. अगदी हलका हात लावला तर तसं होत नाही. आपल्याकडे मुंबईत शीवच्या रुग्णालयात २००५ साली खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, तिथे खोबरेलाची बाळं सरस ठरली. म्हणजे तेलाचाही काही वाटा असावा.

“हलक्या हातानं बाळ चिडतं,” मावशी म्हणाल्या, “गुदगुल्या व्हत्यात त्याला.” फील्डबाईंचंही हेच म्हणणं आहे.

जाता जाता त्यांनीच सांगितलं की बाळाच्या नाकात तेल घालायचं त्यांनी केव्हाच बंद केलंय. एका डॉक्टरने झापलं होतं. बरोबर झापलं, ते तेल फुप्फुसात उतरतं.

१२ नोव्हेंबर

काळ्या रंगाचा निकाल लावायचा होता. आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा चौपदरी करून पाटावर खिळ्यांनी ताणला, वर तूप लावलं आणि दहा मिनिटं वाटी घासली. पाचव्या मिनिटाला राखाडी, दहाव्या मिनिटाला काळं. धोतराला उष्णता नसते.

वाटीचा धातू अगदी कणाकणाने झिजतो, तुपातली आम्लं आणि पायाचा घाम तांब्याशी खेळतात, आणि ते सगळं तुपात कालवलं जातं. पितळी समई तेलकट फडक्याने पुसली की फडकं काळं होतं, त्यातलाच प्रकार.

आजीने तुकडा उलटापालटा करून पाहिला. “धोतर आजोबांचं ना? मग निघाली असेल उष्णता,” म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

१५ नोव्हेंबर

तक्त्यावरून भांडण. पार्टनरने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मालिशने ताणाचे संप्रेरक ३१ टक्के कमी!’ आकडा तिने काढलेला नाही, फील्ड यांच्याच २००५ च्या लेखात आहे, आणि पुण्यातल्या कुठल्याही स्पाच्या पत्रकावर सापडेल. पण २०११ मध्ये ख्रिस्तोफर मोयर आणि सहकाऱ्यांनी सगळे उपलब्ध प्रयोग पुन्हा चाळले, मालिश घेणारे आणि न घेणारे असे समोरासमोर ठेवून. कॉर्टिसॉलमधला (तेच ते ताणाचं संप्रेरक) फरक इतका थोडा निघाला की मोठ्या माणसांत तो शून्यापासून वेगळा काढता येईना.

मग ३१ आला कुठून? मालिशच्या आधी आणि नंतर मोजून. कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं असतं आणि दिवसभर आपोआप उतरत जातं. आडवं पडलं तरी उतरतं. थोडक्यात, कोजागिरीच्या रात्री आजीच्या बाबतीत आम्ही जे केलं, तेच. पार्टनरला एवढं म्हटल्यावर तिने स्वतःच ओळ खोडली. वर काळजी कमी होते, दुखणं थोडं सुसह्य होतं, हे मोयर यांच्याच आधीच्या, २००४ च्या पडताळणीत टिकलेलं आहे. ते लिहिलं. ‘विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ ही ओळ मात्र कोणीच वाचवायला आलं नाही.

‘मालिशने स्नायूंत साठलेलं लॅक्टिक आम्ल निघून जातं’ याचंही तसंच. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून एका मांडीला दहा मिनिटं मालिश दिली, दुसरीला नाही, आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचा कण काढून पाहिला. दाह कमी झाल्याच्या खुणा मिळाल्या. लॅक्टेट होतं तितकंच.

२० नोव्हेंबर

मतदान. केंद्राच्या खोलीत मतदान केंद्र. मतदान केलं, घरी आले, झोपले.

२४ नोव्हेंबर

काकांच्या सुनेचा फोन. काकांच्या मोज्याला डाग दिसला म्हणून पाहिलं तर उजव्या अंगठ्याखाली, चवड्यावर रुपयाएवढा फोड, फुटलेला. आम्ही भेटून गेल्यापासून ती रोज अर्धा तास वाटी घासत होती, कारण ‘कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं’. तूप मधेच सुकायचं, तरी वाटी चालू. काकांना काही कळलं नाही. काकांना सोळा वर्षं मधुमेह आहे.

कॉलेजच्या मॅडम म्हणजे मी.

बधिर पाय, मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं. २५ ऑक्टोबरला हे सगळं काका माझ्यासमोर म्हणाले होते. मधुमेहात सगळ्यात लांब तंतू आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, मोजा चढवावा तशी वर. परीक्षेत विचारलं असतं तर आकृतीसकट लिहिलं असतं. समोर काका होते, वहीत मी शब्द गोळा करत होते.

संध्याकाळी त्यांना घेऊन रुग्णालयात गेले. जखम उथळ आहे, पट्टी केली, साखर तपासली. सुनेने मला एका शब्दाने दोष दिला नाही. काका तर म्हणाले, “पण झोप छान लागत होती हो.”

२७ नोव्हेंबर

काकांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. पाय लागत नव्हता, फोड कळला नाही, मग झोप कशाची?

एक उदाहरण वाचलेलं आठवलं. एका बाईंचे स्पर्शाचे सगळे जाड तंतू आजारात गेले होते. नाकाखाली, अंगावर कुठेही हात लावला तर कळत नसे. २००२ मध्ये त्यांच्या हातावर मऊ कुंचला संथपणे फिरवून पाहिलं. कुठल्या दिशेने फिरला ते सांगता येईना, पण काहीतरी अंधुक, बरं वाटणारं, होतंय एवढं त्या सांगत. मेंदूतही स्पर्शाचा नकाशा असतो तो भाग शांत, आणि शरीराच्या सुखदुःखाची दखल घेणारा इन्सुला नावाचा भाग जागा. म्हणजे ‘कुठे’ आणि ‘कसं वाटतंय’ यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

पण काकांना हे लागू नाही. मधुमेहात बारीक तंतूही जातात, अनेकदा तेच आधी. आणि तळव्यात ते खास तंतू मुळात नसतातच. राहतं काय, तर पोटरीवर टेकलेला सुनेचा दुसरा हात. आणि रोज अर्धा तास कुणीतरी पायाशी येऊन बसणं. यंत्र कुठलं लावायचं याला?

२९ नोव्हेंबर

प्रात्यक्षिकाचा क्रम बदलला. दारातच पायतपासणी. सेकंदाला १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क (घुमणारा धातूचा दुकाटा) अंगठ्याच्या हाडावर, आणि दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला, वाकेपर्यंत. दोन्ही कळलं तरच पुढे वाटीचं टेबल. नाही कळलं तर वाटी नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, चिठ्ठी देऊन ओपीडी. चोळल्यावर कळ दबते ते दाखवायला कातडीला कपड्याचा चिमटा लावायचं एक टेबल आहे, त्यालाही रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे नकोत.

आणखी एक: मानेच्या पुढच्या बाजूला कुणी हात लावायचा नाही. जबड्याखाली नाडी लागते तिथे रक्तदाब पाहणारे ग्राही असतात. चोळलं की नाडी एकदम मंदावते. डॉक्टर ते कधी कधी मुद्दाम करतात, यंत्र लावून. उतारवयात तिथे चरबीचा थर असेल तर तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणाऱ्यांबद्दल वेगळा तक्ता करायचा होता. जागा नाही. तोंडी सांगू.

३ डिसेंबर

शब्द. पाठ्यपुस्तकात ‘अनुकंपी’ आणि ‘परानुकंपी’ मज्जासंस्था आहेत. आजीसमोर मोठ्याने वाचलं. तिला वाटलं अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीबद्दल चाललंय. आम्ही ‘पळापळीची’ आणि ‘निवांतीची’ असं केलं. मॅडमनी भुवया उंचावल्या, पण राहू दिलं.

पोटरीच्या गोळ्याबद्दलही एक टेबल. पोटरी मळली की मज्जारज्जूकडून स्नायूला येणारा ‘आवळ’ हा हुकूम मंदावतो. १९९० च्या सुमारास कॅनडात विजेचा हलका झटका देऊन हे मोजलंय. मळताना प्रतिसाद बराच घटतो, हात काढला की लगेच पूर्ववत. ‘मालिशने स्नायू सैल झाला’ म्हणतो तो सैलपणा मज्जारज्जूने तेवढ्यापुरता दिलेला असतो. त्यामुळे गोळा आला की आधी पाऊल आपल्याकडे ओढून पोटरी ताणा, चोळणं नंतर.

८ डिसेंबर, प्रात्यक्षिक

एकतीस माणसं आली. पायतपासणीत चौघांना फोर्क कळला नाही. त्यातल्या दोघांना आपल्याला साखर आहे हे माहीत नव्हतं, की मुळात ती नव्हतीच, ते आता ओपीडी ठरवेल. रांगेत कुरकुर झाली, वाटी बघायला आलो आणि पाय काय तपासता म्हणून.

चिमट्याचं टेबल सगळ्यात गाजलं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या कातडीला कपड्याचा चिमटा, दुसऱ्या हाताने भोवती चोळायचं. “कमी झालं की!” मग मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेलं फाटक: मज्जारज्जूच्या दारात जाड तारांचा संदेश आधी पोचतो आणि बारीक तारांच्या कळेला दार लोटून घेतो. त्या दारातली नेमकी जोडणी त्यांनी काढली तशी नाही, हे नंतर पुष्कळ बदललं. चोळल्यावर कळ दबते एवढं टिकलं. एक आजोबा म्हणाले, यासाठी विज्ञान कशाला, पडलेलं पोर आपसूक गुडघा चोळतं. मेलझॅक आणि वॉल यांनाही सुचायला ते पोरच कारणीभूत असेल, मला काय माहीत.

मावशींच्या टेबलावर मी मोबाइलवर ठोके लावून ठेवले होते, वेग कळावा म्हणून. दुसऱ्याच माणसाला त्यांनी मला सांगितलं, “त्ये टकटक बंद कर, मला माझं ऐकू येईना.” बंद केलं. एका काकूंच्या हातावर एक हात भरभर, एक हात मावशींच्या चालीने. काकूंनी डोळे मिटले ते मागच्या बाईने खांद्याला हलवेपर्यंत उघडले नाहीत.

काका आले होते, पट्टीसह. सगळ्यांसमोर मी झालेलं सांगितलं, काय विचारायला हवं होतं आणि काय विचारलं नाही ते. बोलताना घशात अडकलं. सून मागे उभी होती. शेवटी तिनेच विचारलं, “मग आता रोज संध्याकाळी काय करू? सवय लागलीय त्यांना.” मावशी मधेच म्हणाल्या, “पाठ हाय की.”

वाटी घासू की नको, हे सात जणींनी विचारलं. पाय जिवंत असेल, तूप भरपूर असेल, दहा मिनिटं, तर घासा. बरं वाटतं ते खरं आहे. काळं मात्र वाटीचं, तुमचं नव्हे. धोतराचा तुकडा पुढे केला.

९ डिसेंबर

सामान मोजलं. नायलॉनचे तंतू सहा, वाटी एक, चिमटे अकरा (बारा नेले होते), फोर्क एक. धोतराचा तुकडा नाही. पार्टनरने दोन काकूंना तो पिशवीत घालताना पाहिलं होतं, सुनेला दाखवायला नेते म्हणाल्या.

मॅडमनी जानेवारीत दुसऱ्या केंद्रात हेच करायला सांगितलंय. आजोबांचं धोतर संपलं. आजीला नवा तुकडा मागितला तर म्हणाली, उशीचा जुना अभ्रा घे, पण घासशील तेव्हा मला हाक मार.